छिंगमिंग: झाडू, थंड जेवण आणि कागदाचा आयफोन

लोकलमध्ये, बसमध्ये किंवा भांडी घासताना ऐकत असाल तर आवाज थोडा वाढवा. आणि ऐकणं जमत नसेल तर नेहमीप्रमाणे अख्खा भाग इथे लिहून ठेवलाय, निवांत वाचा.

आजचा सण असा आहे की त्या दिवशी कुणाला ‘हॅपी’ म्हणायचं की नाही यावर चिनी लोकांमध्येच वाद होतात. बहुतेकांच्या मते म्हणू नये. सणाचं नाव छिंगमिंग. छिंग म्हणजे स्वच्छ, निर्मळ. मिंग म्हणजे उजळ. नाव ऐकून वाटतं वसंताचा काहीतरी उत्सव असेल, आणि तोही आहेच. पण या दिवशीचं मुख्य काम म्हणजे आपल्या माणसांच्या कबरीवर जाऊन झाडलोट करणं. चिनी भाषेत या कामाला शब्दशः ‘कबर झाडणं’ असंच म्हणतात. मी एका शेनझेनच्या टीमसोबत काही महिने काम करत होते, तेव्हा एप्रिलच्या सुरुवातीला तिथल्या एकाचं स्टेटस भाषांतर होऊन दिसलं: ‘आजीला झाडायला गावी गेलोय, सोमवारी भेटू.’ आम्ही इकडे हसलो. आणि मग मी वाचायला बसले, ती बसलेच.

आधी तारखेचं बघू, कारण माझ्यातल्या इंजिनिअरला तिथेच पहिली गंमत सापडली. चिनी नववर्ष, मध्य-शरद पौर्णिमा, ड्रॅगन बोटींचा सण, हे सगळे चंद्रावर चालतात. त्यामुळे इंग्रजी कॅलेंडरवर दरवर्षी इकडेतिकडे सरकतात, आपल्या गणपती-दिवाळीसारखेच. छिंगमिंग मात्र जवळपास दरवर्षी ४ किंवा ५ एप्रिललाच येतो. आपल्याकडे असं कोण करतं? संक्रांत! दोन्ही सूर्यावर चालतात म्हणून.

चिनी लोकांनी सूर्याच्या वर्षभराच्या वाटेचे २४ भाग पाडले. ३६० अंश भागिले २४, म्हणजे एकेक टप्पा १५ अंशांचा. वसंत संपात, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात तो मार्चमधला दिवस, हा शून्य धरला तर पुढचाच टप्पा छिंगमिंग. शेतकऱ्यांसाठी बनवलेलं हे वेळापत्रक आहे: कधी पेरायचं, थंडी कधी सरणार, पाऊस कधी येणार. युनेस्कोने २०१६ मध्ये या २४ टप्प्यांना अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. संक्रांतीशी एक फरक आहे. आपली संक्रांत ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतात, त्यामुळे ती साधारण ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती! छिंगमिंग ऋतूला बांधलेला आहे, त्यामुळे तो असा घसरत नाही.

बरं, पण शेतीच्या वेळापत्रकातल्या एका तारखेला लोक कबरींवर का जायला लागले? इथे एक दुसरा सण मधे येतो, जो आता जवळजवळ नाहीसा झालाय. त्याचं नाव हानशी, म्हणजे ‘थंड जेवण’. हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसापासून साधारण १०५ दिवस मोजले की हानशी, आणि त्याला लागूनच एक-दोन दिवसांत छिंगमिंग. हानशीला चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीचं गार जेवायचं. आपल्याकडे शिळासप्तमीला करतात, साधारण तसंच. तिथे कारण वेगळं, आणि त्यामागे एक गोष्ट सांगतात. गोष्ट जरा अंगावर येणारी आहे, जेवत असाल तर घास गिळून घ्या.

इसवी सनापूर्वी सातवं शतक. आजच्या शान्शी प्रांतात जिन नावाचं राज्य. तिथला राजपुत्र चोंग-अर घरातल्या कारस्थानांमुळे परागंदा झाला, आणि १९ वर्षं या राज्यातून त्या राज्यात भटकत राहिला. सोबत मोजकी माणसं. त्यातलाच एक जिए झीतुई. एकदा खायला काहीच उरलं नाही, राजपुत्र भुकेने कोसळायला आला, तेव्हा झीतुईने स्वतःच्या मांडीचं मांस कापून त्याला त्याचं सूप करून पाजलं. पुढे दिवस पालटले. इ.स.पूर्व ६३६ मध्ये चोंग-अर गादीवर बसला. सोबत्यांना जमिनी, पदं वाटली. झीतुईचं नाव राहून गेलं. तोही मागायला गेला नाही. म्हाताऱ्या आईला घेतलं आणि म्येनशान डोंगरात निघून गेला.

राजाला नंतर आठवलं. शोधाशोध सुरू झाली, पण एवढ्या जंगलात माणूस सापडणार कसा? कुणीतरी सल्ला दिला, तीन बाजूंनी आग लावा, चौथ्या बाजूने तो बाहेर येईल. आग लावली. तो आला नाही. आग विझल्यावर मायलेक एका झाडाला बिलगलेले, जळून गेलेले सापडले. मग राजाने हुकूम काढला, या दिवसांत कुणी आग पेटवायची नाही.

मला ही गोष्ट ऐकून झीतुईपेक्षा त्या आईचं वाईट वाटतं. तिला कुणी विचारलं होतं का? असो.

आता खरी मजा. या प्रसंगाची सर्वांत जुनी तपशीलवार नोंद ‘त्सोच्वान’ नावाच्या इतिवृत्तात आहे, आणि त्यात मांडी नाही, सूप नाही, आग तर नाहीच. तिथे झीतुई आईशी बोलतो, दोघं निघून जातात, आयुष्यभर लपून राहतात, आणि राजा त्यांच्या स्मरणार्थ तिथली जमीन राखून ठेवतो. मांस आणि आग नंतरच्या ग्रंथांत येतात. म्हणजे चूल बंद ठेवायची प्रथा आधी कुठून तरी आली असावी आणि गोष्ट तिला मागाहून चिकटली असावी. बऱ्याच अभ्यासकांना वाटतं की मूळ प्रथा जुना विस्तव विझवून नवा पेटवण्याची होती. हे पटण्यासारखं आहे, कारण पुढे थांग राजवटीत छिंगमिंगला राजवाड्यात नवा विस्तव घासून काढायचे आणि तो बड्या अधिकाऱ्यांच्या घरी पाठवायचे. जुनी आग बंद, नवी आग सुरू. आपल्या भाषेत, रीस्टार्ट.

पण लोकांसाठी गोष्टच खरी होती, आणि त्यासाठी ते हाल काढत होते. पहिल्या शतकाच्या आसपासची एक नोंद सांगते की शान्शीमधल्या थाययुआन भागात लोक ऐन हिवाळ्यात पाच दिवस चूल पेटवत नसत, घरात आजारी माणूस असला तरीही. उत्तर चीनचा हिवाळा म्हणजे उणे तापमान. दुसऱ्या शतकात झोऊ जू नावाचा एक अधिकारी तिथे गेला, तेव्हा म्हणे हा प्रकार महिनाभर चालायचा आणि म्हातारी, लहान मुलं त्यात दगावायची. त्याने झीतुईच्या मंदिरात जाऊन एक लेख ठेवला. आशय असा: लोकांचे जीव घेणं ही सज्जनाची इच्छा असू शकत नाही. आणि लोकांना गरम जेवायला सांगितलं. मला हा माणूस फार आवडला. त्याने देवाला खोटं ठरवलं नाही की भक्तांना मूर्ख म्हटलं नाही, सरळ देवाशीच बोलला.

त्यानंतर आला त्साओ त्साओ. ‘थ्री किंगडम्स’चे गेम खेळणाऱ्यांना हे नाव पाठ असेल. त्याने तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला थेट बंदी घातली. हुकमात त्याचा युक्तिवादही आहे: वू राज्यातला झीशू नदीत गेला, म्हणून तिथल्या लोकांनी पाणी पिणं सोडलं नाही, मग एकट्या झीतुईसाठीच थंड जेवण का? आणि मग शिक्षा. घरात थंड जेवण पाळलं तर कुटुंबप्रमुखाला सहा महिने, स्थानिक अधिकाऱ्याला शंभर दिवस, वरच्या अधिकाऱ्याचा एक महिन्याचा पगार कापणार. पगार कापल्याशिवाय सरकारी यंत्रणा हलत नाही हे त्यालाही माहीत होतं.

उपयोग? शून्य. त्याच्या नंतरच्या राज्यकर्त्यांनीही बंदी घालून पाहिली. प्रथा शान्शीबाहेर पसरली, दिवस कमी झाले, हिवाळ्यातून वसंताकडे स्थिरावली, आणि याच दिवसांत लोक कबरींवर जायला लागले. हे धर्मग्रंथांत सांगितलेलं नव्हतं. शेवटी इ.स. ७३२ मध्ये थांग सम्राट श्वानत्सोंगने अधिकृत फर्मान काढलं. त्याचा सूर असा, की हे जुन्या ग्रंथांत नाही, पण पिढ्यान् पिढ्या लोक करत आलेत, तर आता ते विधींमध्ये धरा. चार वर्षांनी सरकारी नोकरांना हानशी आणि छिंगमिंग मिळून चार दिवस सुट्टी, आणि पुढे ती सात दिवसांपर्यंत वाढली. अधिकारी दूरदूरच्या जिल्ह्यांत नेमलेले असायचे, गावी कबरीवर जाऊन यायला तेवढे दिवस लागायचेच. हळूहळू छिंगमिंगने हानशीला पोटात घेतलं. थंड जेवण मागे पडलं, झाडू राहिला.

आता प्रत्यक्ष त्या दिवशी काय करतात? सकाळी लवकर निघायचं. सोबत झाडू, कोयता, पाण्याची बाटली, रंगाची डबी, खाऊचे डबे. दक्षिणेकडे जुन्या कबरी डोंगरउतारावर असतात, तिथे वर्षभरात कमरेएवढं गवत वाढलेलं असतं. आधी गवत काढायचं, दगड पुसायचा, कोरलेली अक्षरं पुसट झाली असतील तर ब्रशने पुन्हा रंगवायची. कित्येक मुलांना पणजोबांचं नाव कसं लिहायचं हे पहिल्यांदा तिथे कळतं. कबरीवर कागद ठेवून त्यावर दगड ठेवायचा, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं की या घरचं कुणीतरी येऊन गेलंय. मग अन्न मांडायचं, फळं, दारूचे छोटे पेले, ग्वांगदोंग-हाँगकाँगकडे तर अख्खं भाजलेलं डुक्कर. उदबत्त्या लावायच्या, वयाप्रमाणे एकेकाने वाकून नमस्कार करायचा. आणि मग तेच अन्न तिथेच बसून सगळ्यांनी खायचं. गप्पा मारत, हसतसुद्धा.

आपल्याला यात पितृपक्ष आठवणं साहजिक आहे. पण दिशा उलटी आहे बघा. हिंदू घरांत बहुतेक ठिकाणी दहन करतात, जायला जागा नसते, म्हणून आपण पितरांना घरी पानावर बोलावतो आणि कावळ्याची वाट बघतो. तिथे माणूस एका ठरावीक जागी असतो, आणि जिवंत माणसं त्याच्या घरी जातात. (आपल्याकडच्या लिंगायत, मुस्लिम, ख्रिस्ती श्रोत्यांना यात नवल वाटणार नाही.) आणि दिवस अशुभ मानत नाहीत. कबरीवरून परतताना पतंग उडवायचे, काही ठिकाणी दोरा कापून पतंग सोडून द्यायचा, म्हणजे वर्षाची पीडा गेली. दारावर विलोची फांदी. शांघायकडे छिंगथ्वान नावाचे हिरवे गोळे खातात: चिकट तांदळाच्या पिठात रानभाजीचा रस, आत लाल बीन्सचं गोड सारण. दिसायला मोदकाचे हिरवे चुलतभाऊ. चहावाल्यांसाठीही ही तारीख मोठी, कारण छिंगमिंगच्या आधी खुडलेल्या कोवळ्या लोंगजिंग चहाला भलताच भाव असतो.

आणि जाळणं. ज्या सणाची एक मुळी ‘आग पेटवू नका’ ही आहे, त्यात आज सगळ्यात जास्त काय दिसतं तर आग! मेलेल्या माणसाला पलीकडे खर्चाला पैसे लागतात, म्हणून कागदी नोटा जाळतात. हाँगकाँगच्या दुकानांत ‘हेल बँक’च्या नोटा मिळतात, त्यावरचे आकडे कोटींच्या घरात. नोटांवर भागत नाही म्हणून कागदाचे बंगले, गाड्या, नोकर, वॉशिंग मशीन, आणि अर्थात आयफोन, चार्जरसकट. २०१६ मध्ये गुच्ची कंपनीने हाँगकाँगमधल्या अशा दुकानांना पत्रं पाठवली, आमच्या डिझाइनच्या कागदी पिशव्या विकू नका म्हणून. लोक इतके भडकले की कंपनीला माफी मागावी लागली. परलोकात ट्रेडमार्क चालतो का, हा प्रश्न वकिलांनी सोडवावा.

हसण्यासारखं आहे, पण जरा थांबा. आजोबांनी आयुष्यभर सायकल चालवली, त्यांना नातू कागदाची मर्सिडीज जाळतो. त्याला माहीत आहे की तो कागद आहे.

राज्यकर्त्यांची या दिवसाशी झटापट विसाव्या शतकातही चालू राहिली. १९४९ नंतर कम्युनिस्ट सरकारने कागद जाळणं, पूर्वज वगैरे अंधश्रद्धेत टाकलं आणि छिंगमिंगला शाळकरी मुलांना हुतात्म्यांच्या स्मारकांवर न्यायला सुरुवात केली. सांस्कृतिक क्रांतीत तर घरच्या कबरीवर जाणंही धोक्याचं झालं. १९५६ पासून दहनाचा प्रचार सुरू होता, शेतजमीन वाचावी म्हणून. आणि मग १९७६. जानेवारीत पंतप्रधान चौ एन-लाय गेले. लोकांमध्ये त्यांच्याबद्दल जिव्हाळा होता, पण वरून शोक आवरता घेतला गेला. एप्रिलमध्ये छिंगमिंग आला आणि बीजिंगच्या तिआनमेन चौकात, हुतात्मा स्मारकापाशी, लोकांनी पुष्पचक्रं आणि हाताने लिहिलेल्या कविता आणून ठेवल्या. त्यात राज्यकर्त्यांवरचा रागही होता. ४ एप्रिलच्या रात्री सगळी पुष्पचक्रं उचलून नेली गेली. ५ तारखेला लोक चिडून चौकात आले, बळाचा वापर झाला, अटका झाल्या, आणि दोन दिवसांत डेंग श्याओपिंग यांची पदं काढून घेतली गेली. सभा घ्यायला परवानगी लागते. मेलेल्या माणसाला फूल वाहायला आलोय म्हणणाऱ्याला अडवणं अवघड असतं, आणि लोकांना ते बरोबर कळलं होतं. १९७८ मध्ये त्याच सरकारने ही घटना ‘क्रांतिकारी’ होती असं जाहीर केलं.

२००८ पासून छिंगमिंग चीनमध्ये पुन्हा सार्वजनिक सुट्टी आहे. या सुट्टीत छोट्या गाड्यांना महामार्गावर टोल माफ असतो, त्यामुळे ट्रॅफिक कसा असतो ते विचारू नका. आणि इथे आपल्या वयाच्या लोकांचा प्रश्न सुरू होतो. एक-मूल धोरणातून आलेली पिढी आता तिशी-चाळिशीत आहे. नवरा एकुलता, बायको एकुलती. त्याच्या आजोबांची कबर एका प्रांतात, तिच्या आजोबांची हजार किलोमीटरवर दुसऱ्या, नोकरी तिसरीकडे. तीन दिवसांच्या सुट्टीत कुणाच्या कबरीवरचं गवत काढायचं? पूर्वी काही भागांत लग्न झालेली मुलगी माहेरच्या कबरीवर जायचीच नाही, म्हणून हा प्रश्न येत नव्हता. आता ती जाते.

म्हणून मग तोडगे निघतात. दगडावर क्यूआर कोड, स्कॅन केला की फोटो आणि माहिती. वेबसाइटवर ऑनलाइन मेणबत्ती. कबरस्तानातले कर्मचारी तुमच्या वतीने झाडलोट करतात आणि व्हिडिओ पाठवतात. २०२० मध्ये हे सगळं एकदम गरजेचं झालं. ४ एप्रिलला, छिंगमिंगलाच, कोविडने गेलेल्यांसाठी राष्ट्रीय शोक होता. सकाळी दहाला तीन मिनिटं देश थांबला, गाड्यांचे, बोटींचे भोंगे वाजत राहिले. पण वुहानमध्ये त्या दिवशी कबरीवर जायला बंदी होती, एप्रिल संपेपर्यंत. ज्यांनी त्याच महिन्यांत आई-वडील गमावले त्यांना स्क्रीनवर फूल ठेवावं लागलं.

२०२४ च्या छिंगमिंगच्या सुमारास तर गेलेल्या माणसाचा आवाज-चेहरा वापरून एआयने ‘बोलतं’ करून देणाऱ्या कंपन्यांच्या बातम्या होत्या. मी याच धंद्यातली आहे, हे बनवायला किती सोपं झालंय हे मला माहीत आहे. तरी सांगते, मला ते नको वाटतं. क्यूआर कोड चालेल, भाड्याने झाडू मारलेला चालेल. पण कबर उलट उत्तर देत नाही, म्हणून तिच्यापुढे आपण बोलतो. बॉट उत्तर देतो, आणि ते उत्तर आजीचं नसतं. तुमचं मत वेगळं असेल तर कळवा, मला खरंच ऐकायचंय.

आता थोडं आपल्याजवळचं. मुंबईत अँटॉप हिलला चिनी समाजाची दफनभूमी आहे. माझगावला त्यांचं छोटंसं जुनं मंदिरही आहे, सी यिप कून नावाचं, १९१९ चं. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं होतं. सुटल्यावर कित्येकजण देश सोडून गेले, आणि मागे राहिलेल्या कबरी झाडायला माणसं कमी झाली.

आणि एक कबर तिकडे आहे, आपली. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, सोलापूरचे. १९३८ मध्ये जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनला मदत म्हणून पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यात हे होते, आणि नागपूरचे डॉ. चोळकरही. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी शिकले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ: यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला एपिलेप्सीच्या झटक्यांनी ते गेले, वय ३२. व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमा काढला, तो तुमच्या आजी-आजोबांना आठवत असेल.

त्यांची कबर हबेई प्रांतात शिजियाज्वांगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे, कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्याजवळ. छिंगमिंगला तिथे लोक येतात. २००५ च्या एप्रिलमध्ये या दोन्ही कबरी फुलांनी पार झाकून गेल्या होत्या.

पुढच्या भागात ड्रॅगन बोटी, आणि नदीत भात का फेकतात ते. भेटू!